डबा क्रमांक सतरा

मुतश्शरची मशहूफ लांबुडकी, डांबर फासलेली.
शिंकलात तर पाणी आत.
मी मांडीत नळी घेऊन, श्वास राखून बसलेली.
हम्मारची दलदल, दोन्ही बाजूंनी बोरूच्या भिंती.
"इथं?"
"अजून पुढे."
"मातीच ना? माती इथंही आहे, बाई."

नळी कोपरभर खाली दाबली.
वर आलेला गाळ फळीवर आडवा ठेवून
दोन दोन सेंटिमीटरांवर कापला, खरवस कापावा तसा.
वर काळं, मऊ, मुळांचा गुंता, एक शंख.
मग एकदम राखाडी थर, भेगाळ, मिठाने पांढुरका.
मुतश्शर वल्हं ठेवून वाकला.
"हे पाणी वळवलं तेव्हाचं.
याच्यावरूनच चालत गेलो आम्ही.
म्हशी पुढे, आजोबा खाटेवर."
मी पिशवीवर लिहिलं: खोली दहा ते बारा.

त्याच्या खाली कुठेतरी सीझियम.
परक्या वाळवंटात, परक्या बेटांवर
कुणीतरी काहीतरी फोडलं माझ्या जन्माआधी,
त्याची धूळ इथवर आली
आणि कुणाचं घर आहे हे न विचारता राहिली.
पाणकणसाचं मूळ भोळं.
सीझियम पोटॅशियमसारखं दिसतं;
घरचाच समजून आत घेतं, पाणी देतं.

परतताना उम्म खयूनने हाक मारली.
तिच्या परातीत खिर्रेत, हळदीहून पिवळी,
पाणकणसाच्या परागांची, वाफवून थापलेली वडी.
"अर्धी तुझ्या यंत्राला, अर्धी तुला.
गिऱ्हाईक विचारतं, युद्धाचं विष आहे का यात.
काय सांगू?"
यंत्राची अर्धी मी डबीत भरली.
माझी अर्धी रुमालात बांधली. खाल्ली नाही.
तिने ते पाहिलं.

बसऱ्यात सगळं वाळवलं, कुटलं, चाळलं,
डब्यांत भरून झाकणांना टेप गुंडाळली.
आता महिनाभर हात लावायचा नाही.
रेडियम आई; तिची लेक रेडॉन, वायुरूप,
फट दिसली की पळते.
कोंडून ठेवली की तिथेच नांदते,
तिला पोरं होतात, शिसं, बिस्मथ,
आणि आपण मोजतो तो या नातवंडांचा दंगा.
आई स्वतः फारसं बोलत नाही.
सोळाशे वर्षांचं अर्धायुष्य असलेलीला
घाई कसली?

सतरा नंबरचा डबा शिशाच्या कोठीत ठेवला,
चोवीस तास मोजायला.
एकोणिसाव्या तासाला वीज गेली.
जनरेटरवाला शिव्या देत आला, मी पहिल्यापासून लावलं.
पहाटे पडद्यावर एकच उंच सुळका, पोटॅशियमचा,
खजुरात असतो, केळ्यात असतो, माझ्यातही आहे.
सीझियमच्या जागी गवताएवढा उंचवटा,
असला तर असला.

रुमाल सोडला. वडी दगड झाली होती.
दाढेखाली धरून बसले. गोड होती.

पुढच्या फेरीला उम्म खयूनला सांगितलं:
"खुशाल विक. तुझ्या परातीपेक्षा
तू स्वतः जास्त किरणं सोडतेस."
ती हसली नाही.
"मग म्हैस का मेली?
दोन मेल्या. तिसरी पाणी हुंगते नि तोंड फिरवते.
पाणी खारट झालंय. त्याचं यंत्र नाही तुमच्याकडे?"

होतं. बोटाएवढं, स्वस्त, खिशातच.
काठावर बसून पाण्यात बुडवलं.
आकडा चढला, थांबला, पुन्हा चढला.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिला, तारखेसकट.

मुतश्शर म्हणाला, "चला, ऊन चढेल."
तिसरी म्हैस गुडघाभर पाण्यात उभी,
आमच्याकडे बघत,
ओठ कोरडे.